नोंदी आमच्या, कुलूप कुणाचे?

घुग्घुसच्या अमराई वॉर्डात २६ ऑगस्ट २०२२ रोजी एक राहते घर जमिनीने गिळले. सुदैव एवढेच की माणसे वाचली. घराच्या जागी उरला एक खोल खड्डा, आणि त्याच्या कडेने उभी राहिलेली भेदरलेली आळी. शेजारची घरे रिकामी करून कुटुंबेच्या कुटुंबे हलवावी लागली. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. इंग्रजी अमदानीतली जुनी भूमिगत खाण वस्तीच्या पोटात होती.

दिवाळीच्या अंकात असला विषय कशाला, असे एखाद्या वाचकाला वाटेल. उंबऱ्यावर पणती लावताना उंबऱ्याखाली काय आहे हे ठाऊक नसावे, हे ज्यांच्या नशिबी आले त्यांना तो अवेळी वाटणार नाही. जुन्या पद्धतीत खाणीतला कोळसा सगळा काढीत नसत. गावात गल्ल्या आणि चौक पाडावेत तशी भुयारे पाडीत, आणि मधूनमधून कोळशाचेच जाड खांब छताला आधार म्हणून ठेवीत. खाण बंद झाली की पोकळी वाळूने भरायची. ती भरली नाही, किंवा अर्धवट भरली, तर पाणी शिरते, खांब झिजतात, वरचा थर खाली बसू लागतो. आणि हे सारे पन्नास, साठ, ऐंशी वर्षे चालू शकते. वर तोवर पिढ्या बदलतात, जागा विकल्या जातात, घरे बांधली जातात. खालची गोष्ट सांगणारा एकच साक्षीदार उरतो, तो म्हणजे खाणीचा नकाशा.

ब्रिटनमध्ये बंद कोळसा खाणीचा नकाशा सरकारात जमा करण्याचा कायदा १८७२ साली झाला. आज तिथे घर विकत घेणारा सामान्य मनुष्य ठरावीक फी भरतो आणि आपल्या जागेखाली जुनी खाण आहे किंवा नाही, ह्याचा अहवाल मागवतो. म्हणजे ज्या इंग्रजांच्या राज्यात आमच्या पायांखाली भुयारे खणली गेली, त्यांनी स्वतःच्या देशबांधवांसाठी ही सोय केली. आपल्याकडेही बंद खाणीचा नकाशा खाणसुरक्षा खात्याकडे पाठवण्याची अट नियमांत आहे. पण पाया खणण्यापूर्वी गवंड्याने नगरपरिषदेत जावे, भिंतीवर टांगलेला खालच्या पोकळीचा नकाशा पाहावा आणि मग दोरी धरावी, अशी रीत काही आपल्याकडे पडलेली नाही. नोंद करणे म्हणजे ती साहेबाला पाठवणे, एवढीच आमची समजूत. ज्याच्या डोक्यावर छत बसणार त्याला ती दाखवायची असते, हे कुणाच्या मनातही येत नाही.

हीच खोड आमच्या विद्वानांना लागली आहे, आणि आमचे भांडण त्यांच्याशी आहे.

घुग्घुस हे संशोधकांचे आवडते गाव म्हटले तरी चालेल. कोळसा आहे, सिमेंट आहे, स्पंज आयर्न आहे, वर्धा नदी आहे. धूळ तर इतकी की अंगणात वाळत घातलेल्या चादरीवर बोटाने नाव लिहावे. तेव्हा मंडळी येतात. हवा बाटलीत भरतात, विहिरीचे पाणी नेतात, मातीचे पुडे बांधतात. काही वर्षांपूर्वी अशीच एका संस्थेची मंडळी आमच्या आळीत नळीत फुंकर मारायचे यंत्र घेऊन आली. लहानथोर साऱ्यांनी फुंकले. शेजारच्या आजींनी तर तीनदा फुंकले, कारण पहिल्या दोन फुंकरी म्हणे यंत्राला पसंत पडल्या नाहीत. सह्या झाल्या, अंगठे झाले, बिस्किटांचे पुडे वाटले गेले आणि गाडी धुरळा उडवीत गेली. पुढे कितीतरी दिवस आजी विचारीत, “का जी गुरुजी, माह्या फुंकरीचा निकाल लागला का?” त्या निकालाचे इंग्रजीत काहीतरी छापून आले असे कानावर आले. ते वाचायला जे पैसे पडत होते, तेवढ्यात आजींचा महिन्याचा किराणा आला असता.

ह्यावर विद्वानांचे ठरलेले उत्तर असते : “निष्कर्ष प्रसिद्ध केले आहेत, आणखी काय हवे?” त्याला आमचे सांगणे असे की निष्कर्ष म्हणजे तळलेली चकली. ती तुम्ही ताटात वाढली, आनंद आहे. पण भाजणीचे प्रमाण कुठे आहे? तांदूळ किती, चण्याची डाळ किती, मोहन किती, हे कळल्याशिवाय चकली कडक का झाली ह्याचा निवाडा कसा करायचा? आणि मोजूनमापून भाजणी तर आमच्याच घरातल्या धान्याची!

महाराष्ट्राला तरी हे नव्याने शिकवण्याची गरज पडू नये. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरची, वाळवीच्या तोंडची दप्तरे त्यांनी बाहेर काढली. मनात आणते तर त्या कागदांच्या आधारावर स्वतःचा एक झोकदार इतिहास लिहून ते मोकळे झाले असते आणि कागद ट्रंकेत घालून किल्ली जानव्याला बांधली असती. त्यांनी १८९८ पासून छापायला घेतली ती ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’. साधने! मूळ पत्रे, जशीच्या तशी. बावीस खंड. राजवाड्यांचे कितीतरी सिद्धांत पुढच्या अभ्यासकांनी खोडून काढले, आणि ते खोडायला हत्यार वापरले राजवाड्यांनीच छापलेल्या साधनांचे. संशोधकाचा ह्याहून मोठा सन्मान आम्हाला ठाऊक नाही. उलट पेशवे दप्तर पाहा. पुण्यातच होते, पण इंग्रज सरकारने ते आपल्या अभ्यासकांपासून वर्षानुवर्षे कुलपात ठेवले. गोविंद सखाराम सरदेसाई आत गेले आणि १९३० ते १९३४ ह्या काळात निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड बाहेर आले, तेव्हा कुठे अठराव्या शतकाच्या इतिहासाला हवा लागली. आजकाल ‘डेटा’ला कुणी ‘विदा’ म्हणतात. म्हणोत बापडे. आम्हाला राजवाड्यांचा ‘साधने’ हा शब्द पुरतो. त्यात वस्तू आणि तिचा उपयोग दोन्ही आले.

मांडलेला हिशेब उघडा असला म्हणजे काय घडते, ह्याचा एक दाखला ह्याच मुलखाशी नाते असलेल्या माणसाचा आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी महाराष्ट्रात शेतमजुराची किमान मजुरी दिवसाला चार रुपये होती. ती पागे समितीच्या हिशेबावर बेतलेली होती. डॉ. अभय बंग ह्या तरुण डॉक्टरने तो हिशेब काढून पुन्हा तपासला. मजुराला लागणारे अन्न, त्याचे कुटुंब, त्याचे कामाचे दिवस ह्यांचे आकडे धरून पाहिले, तेव्हा रक्कम बारा रुपयांच्या घरात गेली. वाद झाला, आणि सरकारला मजुरी वाढवावी लागली. समितीने आपले गणित कागदावर मांडले होते म्हणूनच ते चुकले असे दाखवता आले. ‘तज्ज्ञांच्या मते चार रुपये’ एवढेच एक वाक्य छापले असते तर तज्ज्ञ अबाधित राहिले असते आणि मजूर उपाशी.

आता चंद्रपूरच्या हवेचे पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. शाळेत गुण जास्त मिळाले की पेढे वाटतात, इथे उलटे. चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि देशात चौथा क्रमांक आला. २०१० च्या जानेवारीत नव्या उद्योगांवर तात्पुरती बंदी आली. २०१८ साली पुन्हा मोजणी झाली, तेव्हा गुण होते ७६.४१. पुढारी म्हणाले, हवा सुधारली. खरोखर सुधारली काय? मधल्या काळात, २०१६ साली, गुण देण्याची रीतच बदलली होती. पहिल्या परीक्षेचा पेपर वेगळा, दुसरीचा वेगळा. आणि बाप प्रगतिपुस्तकावरचे दोन आकडे शेजारी ठेवून मुलाची पाठ थोपटतो आहे! घुग्घुसला राज्य मंडळाचे हवा मोजण्याचे केंद्र आहे. आम्हाला गुण नकोत. रोजचे आकडे, यंत्र बंद होते ते दिवस, आणि आकड्यापासून गुणापर्यंतचा सारा हिशेब हवा. गणिताचा एखादा मास्तर, कॉलेजातली एखादी हुशार पोर तो ताडून पाहील. चुकला तर मंडळाने दुरुस्त करावा; आम्ही तरी दुसरे काय करणार?

प्रकाशकांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्याविषयी बोलताना आमचा तोल जातो. संशोधनाला पैसा सरकारचा, म्हणजे तुमचाआमचा. लेख लिहिणारा फुकट लिहितो. तो तपासणारा फुकट तपासतो. मग परदेशातली एक कंपनी तो छापते आणि आपल्याच विद्यापीठांना विकते. आणि लेख सर्वांना मोफत वाचू द्यायचा असेल तर लेखकाकडूनच पैसे मागते, काही नामांकित नियतकालिके तर लाखांच्या घरात! असा बिनभांडवली धंदा सराफाला देखील साधला नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली : तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके. सरकारी विद्यापीठांतल्या मुलांची सोय झाली, हे चांगलेच झाले. परंतु राष्ट्र म्हणजे काय फक्त विद्यापीठाच्या आवारातले लोक? खाणीतून निवृत्त झालेला कामगार, गावातला डॉक्टर, तालुक्याचा वार्ताहर, वकील, अंगणवाडीची ताई, ही मंडळी कोणत्या राष्ट्रात मोडतात? आणि एवढे पैसे मोजून मिळणार काय, तर पुन्हा तळलेली चकलीच. लेखाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले असते, ‘मूळ नोंदी विनंती केल्यास मिळतील.’ एकदा विनंती करून पाहाच. लग्नाच्या मुलीच्या बापाला स्थळाकडून उत्तर येते, त्याहून उशिरा येते, आणि पुष्कळदा येतच नाही.

“लोक आकडे पाहून घाबरतील,” असे अधिकारी म्हणतात. घर जमिनीत जाते तेव्हा लोक घाबरत नाहीत की काय? ह्या सबबीला आम्ही ह्याहून जास्त शाई घालवणार नाही. दुसरी हरकत तरुण संशोधकांची, आणि ती मात्र खरी आहे. दोन उन्हाळे त्याने खेड्यात काढले, हिवतापाने आजारी पडला, नोंदी जमवल्या. त्या त्याने त्याच दिवशी चव्हाट्यावर मांडल्या तर मोठ्या संस्थेतला एखादा सुस्थित प्राध्यापक वातानुकूलित खोलीत बसून त्यांवर आधी लेख छापणार. ही चोरी आम्हाला मान्य नाही. त्याला त्याच्या कष्टांचे फळ घेण्यापुरती मुदत द्या, वर्ष द्या, दोन द्या. आणि त्याच्या नोंदी जो कुणी वापरील त्याने त्याचे नाव घेतलेच पाहिजे, असा दंडक करा. पण मुदत संपली की कुलूप निघाले पाहिजे. नोकरीत बढती मिळाली, निवृत्ती झाली, तरी नोंदी कपाटातच, आणि शेवटी कपाटासकट भंगारवाल्याकडे, असे जे चालते त्याला कोणत्या कष्टांचे फळ म्हणायचे?

तिसरी हरकत सर्वांत गंभीर आहे, आणि तिला उत्तर देताना आमच्याच बाजूच्या काही उतावळ्यांशी आमचा झगडा होणार आहे. ‘सर्व काही सर्वांना खुले’ असे हे लोक म्हणतात. आम्ही तसे म्हणत नाही.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग ह्यांनी दोन खेड्यांतल्या साडेसहाशे स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ च्या जानेवारीत लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध झाली. शंभरांत ब्याण्णव स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात आठ. जग हादरले. पुढे त्याच जिल्ह्यात गावातल्याच अल्पशिक्षित बायकांनी घरोघर नवजात बाळांच्या नोंदी ठेवल्या, उपचार केले, आणि १९९९ साली त्यांचे आकडे छापून आले : तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली! तो हिशेब जगापुढे मांडला गेला म्हणूनच ती पद्धत पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामात आली. हा उघडेपणाचा विजय. पण विचार करा, त्या साडेसहाशे स्त्रियांपैकी एकीचा कागद उद्या जसाच्या तसा खुला झाला तर? नाव खोडले म्हणून भागत नाही. चाळीस उंबऱ्यांच्या गावात ‘वय बत्तीस, दोन मुले, नवरा पोलीसपाटील’ एवढे पुरे. पाणवठ्यावर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळेल. शहरातल्या माणसाला नाव झाकते, खेड्यातल्या बाईला नाव झाकत नाही.

अमेरिकेत ॲरिझोनात हवासुपाई नावाची एक छोटी आदिवासी जमात आहे. १९९० पासून तिथल्या सरकारी विद्यापीठाच्या लोकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून त्यांचे रक्त घेतले. ते रक्त मग फिरले. मनोविकाराच्या अभ्यासाला वापरले गेले, जमातीचे मूळ कुठले ते शोधायला वापरले गेले. आणि ते मूळ जमातीच्या स्वतःच्या श्रद्धेच्या विरुद्ध निघाले. विचारले कुणीच नव्हते. कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि २०१० साली विद्यापीठाने सात लाख डॉलर देऊन उरलेले रक्त जमातीच्या हवाली केले. आमच्या गोंड, माडिया, कोलाम बांधवांचेही रक्त सिकलसेलच्या निमित्ताने कितीदा तरी काढले जाते. ते कशासाठी घेतले आणि कशासाठी वापरले ह्यांत अंतर पडता कामा नये, आणि पडायचे असेल तर पुन्हा त्या पाड्यात जाऊन विचारावे. थकवा येतो खरा. पण देणाऱ्याच्या दंडातून सुई जाते, तेव्हा त्यालाही काही वाटत असेल.

वाघाचे पाहा. ताडोबात झाडाझाडांवर स्वयंचलित कॅमेरे लावून वाघ मोजतात. वाघीण बछड्यांसह कोणत्या नाल्यात बसते ती जागा छापील नकाशावर टाकणे म्हणजे शिकाऱ्याला निमंत्रणपत्रिका धाडणे. ती माहिती झाकलीच पाहिजे. मात्र त्याच जंगलाच्या कडेला गुरे वळणारा पोरगा आहे, मोहफुले वेचायला पहाटे निघणारी बाई आहे. त्यांना ती आजच्या आज कळली पाहिजे. माहिती एकच, कुणापासून झाकायची आणि कुणाला सांगायची ह्याची निवड मात्र रोज करावी लागते. आमच्याकडे ती अशी होते की कागद परदेशी नियतकालिकात पोचतो आणि गुराखी तेवढा वगळला जातो.

वनौषधींचेही तेच. हळदीने जखम भरते ह्या शोधावर १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाने पेटंट मिळवले होते! आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे केले आणि १९९७ साली ते रद्द झाले. आजीच्या बटव्यातले जे छापले गेले होते तेच वाचले, हे ध्यानात घ्यावे. पण छापायचे ते कुणाला विचारून, कुणाच्या नावाने, आणि कोणती मुळी नेमकी कोणत्या डोंगराच्या कोणत्या कुशीत सापडते हे वगळून, हे ठरवण्याचा हक्क ती मुळी ओळखणाऱ्यांचा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने ह्याबाबत साऱ्या विद्यापीठांना धडा घालून दिला आहे. तिथे ग्रामसभा आहे, आणि ग्रामसभेच्या बरोबरीने अभ्यासगट आहेत. बाहेरचा जाणकार येतो, गावकऱ्यांबरोबर बसतो, त्यांना प्रश्न विचारतो आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. निर्णय गाव घेते. २००९ साली त्या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो अशा अभ्यासाच्या जोरावर. अभ्यासाचा विषय होऊन बसलेल्या गावांना हे सुचले नसते.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. बंद खाणींचे नकाशे नगरपरिषदेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. हवा-पाण्याचे आकडे हिशेबासकट, रोजच्या रोज. माणसांच्या रोगांच्या नोंदी गावाच्या संमतीने, ओळख पटणार नाही अशा रीतीने आणि ज्या कामासाठी घेतल्या त्याच कामाला. गडचिरोलीला २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. ह्या दोन जिल्ह्यांवर लिहिलेला प्रत्येक प्रबंध मूळ नोंदींसह तिथे ठेवावा, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याला त्याच विहिरीचे पाणी पुन्हा कोऱ्या वहीत मोजत बसावे लागणार नाही. उलट दहा वर्षांत ते किती बिघडले हे त्याला सांगता येईल. आणि ज्या गावाने नोंदी दिल्या त्या गावाला दोन पानांचा सोपा मराठी गोषवारा, छापून, टपालहंशील भरून, लेख प्रसिद्ध होण्याच्या आधी.

“भाषांतराचा खर्च कोण करणार?” असे कुणी विचारलेच, तर सहा हजार कोटींच्या शेजारी तो आकडा लिहून पाहावा. जिथे मराठी पोचत नाही त्या पाड्यांत गोंडीत आणि माडियात वाचून दाखवणारा माणूस लागेल. त्याचे मानधन संशोधनाच्या अर्जातच लिहावे, यंत्रांच्या किमतीच्या वरच्या ओळीत.